तिसरं वंदन

वाकायचं नाही. बस्स, एवढं एकच पथ्य होतं. हवं ते खा, फिरा, टीव्ही बघा, पण आठवडाभर कमरेतून वाकायचं नाही, वळायचं नाही आणि जड काही उचलायचं नाही. डॉक्टर नंदिनींनी हे गोजराला बजावलं, तिच्या लेकीला, दीक्षाला बजावलं, आणि जाताजाता नर्सनेही एकदा बजावलं. गोजराने प्रत्येक वेळी मान डोलावली. मान डोलवायला कुणाचं काय जातं?

तिच्या पाठीत, मणक्याच्या आतल्या बाजूला, दोन बारीक तारा सरकवलेल्या होत्या. शेवयांइतक्या बारीक. तारांची टोकं पाठीवरच्या चिकटपट्टीखालून बाहेर काढून कमरेच्या पट्ट्यातल्या एका डबीला जोडली होती. डबीतून मंद करंट निघायचा आणि डाव्या पायात मुंग्या यायच्या. ही नुसती चाचणी होती. आठवड्याने दुखणं निम्म्याच्या वर कमी झालं, तर तसलंच मशीन कायमचं कातडीखाली बसवायचं. नाही झालं, तर तारा काढायच्या आणि जय भीम, आपल्या घरी.

"याच्यापुढे माझ्याकडे दुसरा उपाय नाही, गोजराबाई," डॉक्टर नंदिनींनी तोंडावर सांगितलं होतं. गोड बोलून झुलवत ठेवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या, म्हणूनच गोजराला त्या आवडायच्या.

गोजरा मूळची परभणीकडची. लग्न करून नवी मुंबईत आली आणि पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं मोजून पिशवीत भरायची. हात असा चपळ की शेजारच्या बायका म्हणायच्या, बाई गं, जरा हळू, आमची नोकरी घालवशील. एकदा माल चढवायच्या ओट्यावरून पाय घसरला आणि ती कमरेवर पडली. मणक्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन झकास झालं असं सगळे म्हणाले, फोटोही झकास निघाला, फक्त डावा पाय जो पेटला तो काही विझेना. कमरेपासून तळव्यापर्यंत आग. वारा लागला तरी आग, परकराची कड लागली तरी आग. चार वर्षं हे चाललं होतं.

आणि फोटो झकास असला की मग काय, लोकांना बोलायला मोकळं रान. सुपरवायझर म्हणाला, कामचुकारपणा. शेजारीण म्हणाली, वय झालं. नवऱ्याची थोरली बहीण, वेणूबाई, परभणीहून यायची आणि दारातूनच पायाकडे बघून म्हणायची, "वरून तर काय बी दिसंना." वेणूबाई म्हणजे फाटक्या तोंडाची. मनात आलेलं गिळून टाकणं तिला जन्मात जमलं नाही.

विश्वास ठेवला तो एकट्या सीतारामने, गोजराच्या नवऱ्याने. तो पावण्यातच फॅब्रिकेशनच्या गाळ्यावर वेल्डर होता. रात्री चादर पायाला लागली की बायको किंचाळून उठते, हे त्याने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो कामावरून येताना बारीक सळयांची एक कमान जोडून घेऊन आला. ती अंथरुणावर पायावरून ठेवायची आणि तिच्यावर चादर टाकायची. चादर पायाला शिवत नसे. वेणूबाईने ती कमान पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसली. "आरं सीताराम, बायकोसाठी कोंबड्याचं खुराडं केलं व्हय?" सीताराम मात्र कमान रोज रात्री आपल्या हाताने लावत राहिला.

तो सीताराम गेल्या वर्षी गेला. गाळ्यावरच छातीत कळ आली आणि संपलं. वस्तीतल्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना सुरू झाली तशी सगळी माणसं गुडघे टेकून, हात नि कपाळ जमिनीला लावून वंदन करू लागली. एकटी गोजरा भिंतीला धरून उभी. पाय दुमडायचा म्हटलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तेव्हा वेणूबाई शेजारणीच्या कानात बोलली, पण तिचं कानातलं बोलणंसुद्धा रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. "नवऱ्याच्या फोटोपुढं बी हिला वाकवंना."

ते वाक्य गोजराच्या काळजात रुतून बसलं होतं. पायापेक्षा ते जास्त दुखायचं म्हणा ना.

तारा बसवण्याआधी डॉक्टर नंदिनींनी तिच्या मेंदूची तपासणी केली होती. अश्विन नावाच्या तंत्रज्ञाने तिच्या डोक्यावर वायरींची टोपी चढवली, केसांत गार गार चिकट काहीतरी लावलं. गोजरा घाबरून गेली.

"दुखणं पायात आनं टोपी डोक्याला?"

"पायाची जखम कधीच भरलीय," डॉक्टर म्हणाल्या. "पण मेंदूला ते पटलेलं नाही. कारखान्यात आग विझली तरी भोंगा वाजतच राहिला, तसं झालंय. आम्ही मणक्यात करंट सोडतो, म्हणजे पायाकडून मेंदूकडे जाणारा निरोपच बदलतो. मेंदू हळूहळू शांत होतो का, त्याच्या लहरी बदलतात का, ते या टोपीने बघायचं. सगळं आम्हालाही अजून उमगलेलं नाही."

गोजराचा चेहरा उतरला. "मंजे दुखणं माझ्या डोक्यात हाय? आमच्या वेणूआक्का बी तेच म्हनतात."

"अहो, सगळ्यांचंच दुखणं डोक्यात असतं. पाय ठेचला तरी कळतं ते मेंदूलाच. डोक्यात आहे म्हणून ते खोटं होत नाही."

हे वाक्य गोजराने दीक्षाकडून पुन्हा म्हणवून घेतलं. दोनदा.

"आता डोळे मिटा," अश्विन म्हणाला, "पण झोपू नका हं मावशी. झोपलात तर रेकॉर्डिंग वाया जातं."

गोजराला हसूच फुटलं. "झोप येती तर तुमच्याकडं कशाला आले असते, बाबा?"

तारा बसल्या आणि दुसऱ्याच दिवशी पायातली आग ओसरली. अगदी गेली नाही, पण भट्टीची चूल झाली. तिच्या जागी मुंग्या. आणि मग भलतीच गंमत व्हायला लागली. गोजराला ऐकू यायला लागलं. कान तिचे आधीही ठणठणीत होते हो, पण दुखणं माणसाच्या कानातही जाऊन बसतं. शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या, खालच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ, सगळं नव्याने ऐकू येऊ लागलं. दीक्षा ऐरोलीच्या ऑफिसातून आली आणि फोनवर कुणाशी तरी हसत बोलत बसली. गोजरा ऐकतच राहिली. पोरगी अशी हसते, हे ती विसरूनच गेली होती. त्या रात्री ती कुशीवर झोपली आणि सकाळी उठल्यावर तिच्या लक्षात आलं की कमान लावायची राहिली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सीतारामचं वर्षश्राद्ध आलं. आपल्यात श्राद्ध म्हणत नाहीत, पहिलं पुण्यस्मरण म्हणतात. पण वेणूबाईच्या तोंडी जुनाच शब्द, तो आपला कानावर पडून पडून बसलाय.

विहारात गोजराला पुढे खुर्ची दिली. "आई, टेन्शन नको घेऊस. बसूनच हात जोड. बाबांना चालतं," दीक्षा म्हणाली. पांढरी साडी, मेणबत्त्या, हार घातलेला सीतारामचा फोटो. फोटोत तो थोडा अवघडलेला दिसायचा. फोटो काढायचा म्हणजे त्याला शिक्षाच वाटायची. बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली आणि सगळं विहार गुडघ्यांवर आलं. एकटी गोजरा खुर्चीवर.

पथ्य ती विसरली असं कुणी म्हणू नये. तिला ते लख्ख आठवत होतं. पण पायात मुंग्याच होत्या हो, आग नव्हती! गुडघा दुमडून पाहिला, दुमडला. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि समोर सीताराम. ती खुर्चीवरून उतरली, गुडघे टेकले, तळहात टेकले आणि कपाळ थंडगार फरशीला लावलं. काही झालं नाही. दुसरं वंदन केलं. तेव्हा तिला रडू आलं, पण ते बरं वाटणारं रडू होतं. तिसऱ्या वंदनाला ती जरा जास्तच वाकली, मनापासून वाकली, आणि उठताना पाठीत काहीतरी सटकन सरकलं.

पायातल्या मुंग्या गेल्या. त्या उडी मारून बरगडीत आल्या. गोजरा खुर्ची धरून कशीबशी उठली, बसली, आणि बसेपर्यंत डावा पाय पेटला होता.

तोंडातून आवाज निघू नये म्हणून तिने पदराचा बोळा दातात धरला. लोकांना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने गहिवरली. कार्यक्रम झाल्यावर वेणूबाई आली, तिला छातीशी धरलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "वाकता येतंय की गं! मग मागल्या साली काय झालतं?"

दोघीतिघी हसल्या. गोजराही हसली. करते काय! आता दुखतंय म्हणावं तर कोण विश्वास ठेवणार? धडधाकट तीन वंदनं करताना सगळ्या वस्तीने पाहिलेलं. ती पंगतीत हिंडून बुंदी वाढत राहिली. संडासात जाऊन डबीच्या रिमोटने करंट वाढवून पाहिला, तर बरगडीत असा ठोका बसला की भिंतीला टेकावं लागलं. देवाचा कोप म्हणून रडायचीही सोय नाही. बाबासाहेबांनी ते खातंच बंद करून टाकलेलं. चूक आपली, निस्तरायची आपणच.

दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात निकाल होता. दीक्षाने रजा काढली. वेणूबाई मुक्कामाला राहिलेली, तीही चपला घालून तयार. "मी बी येते. बघू तरी कसलं मशीन हाय." गोजराच्या मनात आलं, ही बया तिथं बोलली की संपलंच सगळं.

रिक्षात ती दोघींच्या मध्ये बसली. गतिरोधक आला की पायातून ठिणग्या. ती समोरच्या आरशाखाली लटकणाऱ्या निळ्या झेंड्याकडे बघत राहिली आणि मनात हिशेब मांडत राहिली. खरं सांगावं, तर चाचणी फसली. तारा काढतील, घरी पाठवतील, आणि उरलेलं आयुष्य त्या कमानीखाली. आता कमान लावायला सीतारामही नाही. खोटं सांगावं, तर मशीन बसेल. आणि मशीन चालतं हे तर तिला ठाऊकच होतं! तिने ते भोगलंय. मग यात खोटं ते काय? चार दिवस खरं होतं, ते आजचं म्हणून सांगायचं. पण बसवलेलं मशीनही असंच बरगडीत ठोके देत राहिलं तर? आणि ती टोपी? ती टोपी डोक्यात शिरून खोटं पकडते की काय?

"आई, आज किती?" दीक्षाने विचारलं. दहापैकी किती दुखतंय, असं रोज विचारायचं ठरलं होतं.

"दोन," गोजरा म्हणाली.

दीक्षाने आईचा हात घट्ट धरला आणि तोंड बाहेर फिरवलं. पोरीचे डोळे भरून आले होते. गोजराला वाटलं, धरणीने आत्ताच पोटात घ्यावं.

हॉस्पिटलात अश्विनने टोपी काढून ठेवली होती. डॉक्टर नंदिनी समोर बसल्या. "सांगा गोजराबाई. आधी आठ-नऊ म्हणायचात. आता?"

"दोन."

"वा!" डॉक्टर मनापासून हसल्या. वेणूबाई पंख्याखाली बसून सगळं टकमका बघत होती. तिने तोंड उघडलं. पण वेणूबाईला नुसती जांभई आली होती.

"एकच शेवटचं विचारते," डॉक्टर म्हणाल्या. "आधी जमत नव्हतं आणि या आठवड्यात करता आलं, असं काही?"

बाकी कशालाही गोजराने खोटं उत्तर दिलं असतं. तयारी करूनच आली होती ती. पण याचं उत्तर खरं होतं, आणि ते तिला लपवता येईना. चार वर्षांत तेवढीच एक गोष्ट तिने केली होती.

"मालकाच्या फोटोला वंदन केलं," ती म्हणाली. "गुडघं टेकून. तीन डाव."

डॉक्टरांचं हसू मावळलं. दीक्षा किंचाळलीच, "आई!" ती तेव्हा बौद्धाचार्यांना पाणी आणायला बाहेर गेली होती आणि नंतर पंगतीच्या धावपळीत होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"कपाळ जमिनीला लावून?"

"व्हय."

"आणि त्यानंतर?"

गोजराने मान खाली घातली. "तवापासनं नऊ. मुंग्या बरगडीत गेल्यात. दोन म्हनले ते खोटं हाय. पर आधीचं दोन खरं होतं, डॉक्टर. बाबासाहेबांची आन, ते खरं होतं!"

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?" डॉक्टर चिडल्या. चिडणारच. "अहो, तार सरकली असणार! तुमच्या खोट्यावर मी मशीन बसवलं असतं तर?"

तेवढ्यात वेणूबाई उठून पुढे आली. गोजराने डोळे मिटून घेतले. आता ही काय बोलणार ते तिला पाठ होतं.

"थांबा जरा," वेणूबाई म्हणाली. तिचा आवाज भलताच खाली आला होता. "गोजरे, मंजे काल मी तुला बोलले तवा बी पाय जळत होता?"

"व्हय, आक्का."

"बुंदी वाढीत होतीस तवा बी?"

"व्हय."

वेणूबाई परत जाऊन बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

एक्स-रे काढला. डावीकडची तार खाली नि बाजूला घसरली होती. बाहेरून ती वर ढकलता येत नाही, जंतू आत जातात. "तारेवर आठ ठिकाणं आहेत, जिथून करंट सोडता येतो," डॉक्टर दीक्षाला म्हणाल्या. "एखादं ठिकाण पायाच्या वाटेवर सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर आज तारा काढाव्या लागतील, आणि परत चाचणी मिळेलच असं मी सांगू शकत नाही."

गोजराला पलंगावर निजवलं. डॉक्टर हातातल्या टॅबवर एकेक ठिकाण चालू करत गेल्या. पोटात. नाही. कुल्ल्यात. नाही. भलत्याच, उजव्या पायात. नाही. गोजरा पलंगाची कड धरून होती. एकदा काहीच जाणवलं नाही, तेव्हा दीक्षाने तोंडावर हात ठेवला. आणखी एक. पुन्हा बरगडी.

"शेवटचं ठिकाण उरलंय," अश्विन हळूच म्हणाला.

मांडीत काहीतरी सळसळलं. गुडघ्यापाशी आलं. तिथंच थांबलं. डॉक्टरांनी करंट किंचित वाढवला, अजून किंचित.

"पोटरी," गोजरा म्हणाली. "खाली चाललंय. घोट्यात आलं. थांबा, थांबा, बोलू नका कुनी." आणि मग ती एकदम ओरडली, "तळव्यात! आलं गं बाई, तळव्यात आलं!"

"आता दहापैकी किती? खरं सांगा."

"तुमचा माझ्यावर इस्वास न्हाई राहिला. त्या टोपीला इचारा."

डॉक्टरांना हसू आवरेना. अश्विनने टोपी चढवली, केसांत गार चिकट लावलं. "डोळे मिटा मावशी. जागं राहायचं हं, झोपायचं नाही."

इथून पुढचं गोजराला दीक्षाने नंतर सांगितलं. अश्विन पडद्याकडे बघत होता, बघता बघता त्याने कपाळाला हात लावला. "मॅडम, काय करायचं? पेशंट झोपल्या." पडद्यावरच्या रेघा मोठ्या नि संथ झाल्या होत्या, आणि पलंगावर गोजरा तोंड उघडं टाकून घोरत होती. काल रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. रेकॉर्डिंग गेलं वाया. उठवू का, असं अश्विनने विचारलं. डॉक्टर पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "राहू दे. रेकॉर्डिंग उद्या करू. दीक्षा, ऑपरेशनची तारीख ठरवून घे. आणि पुढचे दोन महिने ही बाई कुणापुढेही वाकणार नाही, हे तू मला लिहून दे."

खोलीत एसी गारठा मारत होता. नर्सने चादर आणली आणि गोजराच्या अंगावर टाकायला उलगडली.

"पायावर नको!" वेणूबाई अशी ओरडली की नर्स दचकलीच. तिने पुढे होऊन चादरीचं पायाकडचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि डाव्या पायापासून वीतभर वर उचलून उभी राहिली.

"आत्या, आता लागली तरी चालेल," दीक्षा म्हणाली. "मुंग्या आल्यात पायात."

"तू गप ऱ्हा," वेणूबाई म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिच्या नाकावरून ओघळत होतं आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. "सीतारामची कमान अशीच धरायची चादर. मी हसले होते त्याला."

गोजराला जाग येईपर्यंत वेणूबाई चादर धरून तशीच उभी होती.